पोरांची उधारी

(साजगाव-ताकईच्या यात्रेतील निरूपण)



आपण आज साजगावच्या विठोबाच्या दारात बसलो आहोत. ज्याला पंढरपूरची वाट जमली नाही, त्याची ही धाकटी पंढरी. कार्तिकी एकादशीला इथं यात्रा भरते. कर्जत, खालापूर, पनवेल, पेण, सगळीकडून माणूस येतो. कुणी घोंगडी घेतो, कुणी मिठाई घेतो, सुक्या मासळीचा बाजार तर विचारू नका. आणि या देवाला आपण नाव काय ठेवलंय? बोंबल्या विठोबा! बाहेरगावचा माणूस हे नाव ऐकून दचकतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण आपल्याला कथा माहीत आहे.

वडीलधारी माणसं कथा सांगतात ती अशी. तुकोबाराय देहूहून घाट उतरून इकडे कोकणात मिरची विकायला यायचे. लोकांनी माल घेतला उधारीवर. वसुलीची वेळ आली, तर एक म्हणतो उद्या या, दुसरा म्हणतो भात झोडलं की देतो, तिसरा घरात असून नाही म्हणवतो. तुकोबा पडले भोळे. त्यांना तगादा लावता येईना. उधारी थकली आणि पाय निघेना. तेव्हा भक्तासाठी प्रत्यक्ष पांडुरंगानं बोंब ठोकली. गावाला जाग आली, लाज वाटली, लोकांनी पैसे आणून दिले. म्हणून हा बोंबल्या विठोबा.

हसलात ना? हसा. पण हसून झाल्यावर मला एक सांगा. आज आपल्या घरात कुणाची उधारी थकली आहे?

वाण्याची असेल, सोसायटीची असेल, बचत गटाचा हप्ता असेल. ती सगळी कुठं ना कुठं वहीत लिहिलेली असते. कुठल्याच वहीत लिहिलेली नाही अशी एक उधारी प्रत्येक घरात आहे. ती आपल्या पोरांची. पोरं रोज माल घेऊन दारात येतात, बरं का. कुठला माल? आई, हे बघ मी काय काढलंय. बाबा, पाऊस खारट का नसतो? आजी, हे गणित असंच का? आणि आपण काय म्हणतो? नंतर. उद्या. आत्ता डोकं खाऊ नकोस. माल आपण घेतो, मोल देत नाही. पोरगं तुकोबांसारखंच भोळं असतं. चार वेळा येतं. पाचव्यांदा यायचं सोडून देतं. मग ते चौदा-पंधरा वर्षांचं झालं की आपणच गावभर सांगत फिरतो, हल्ली हा आमच्याशी बोलतच नाही.

अहो, तो बोलत होता. आपली उधारी थकली होती.

आजचं निरूपण या उधारीवर आहे. मुलांचा अभ्यास, मुलांचा गृहपाठ, त्यांच्या हातातली कला, आणि त्यात आई-बापाचं काम काय. कुणी म्हणेल, महाराज, कीर्तनात गृहपाठ कुठून आला? तर आधी इकडे बघा. हे माझ्यामागे टाळकरी उभे आहेत. यांच्यात दोन पोरं आहेत, दहा-अकरा वर्षांची. यांना टाळ कुणी शिकवला? फळ्यावर लिहून शिकवला का? नाही. बापानं हातात टाळ दिला आणि दिंडीत शेजारी उभं केलं. पहिल्या दिवशी ठेका चुकला. बापानं काय केलं? पोराचे हात धरून त्याच्या वतीनं टाळ वाजवला का? तसं केलं असतं तर पोराला जन्मात ठेका आला नसता. मग बापानं भजन थांबवून सगळ्यांसमोर कानाखाली दिली का? तसं केलं असतं तर पोरानं टाळ खाली ठेवला असता तो कायमचा. बाप शेजारी वाजवत राहिला. पोराच्या कानावर ठेका पडत राहिला. चुकत चुकत एका रात्री हात बसला.

मंडळी, गृहपाठ असाच करून घ्यायचा असतो. टाळ पोराच्या हातात, आणि आपण शेजारी. आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे.

आता शेजारी म्हणजे किती वेळ? लोकांना वाटतं अभ्यास म्हणजे दिवेलागणीपासून डोळे मिटेपर्यंत. तसं नाही. केंद्र सरकारचं २०२० चं शालेय दप्तर धोरण आहे. त्यात काय म्हटलंय ऐका. दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठच नको. तिसरी ते पाचवी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला! सहावी ते आठवी, रोज फार तर एक तास. नववी ते बारावी, रोज फार तर दोन तास. आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. वीस किलोचं पोर असेल तर दप्तर दोन किलोचं. आपलं पहिलीतलं पोर वाकून चालतं ते नम्रतेनं नव्हे, ओझ्यानं. दुसरीतल्या मुलाला शिकवणीला घालून रात्री आठपर्यंत डांबून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लहान मुलानं काल संध्याकाळी काय खेळलं, काय खाल्लं, कोण भेटलं, हे नीट सांगितलं तरी त्या वयाचा तो अभ्यासच आहे. सांगता आलं की लिहिता येतं. पण सांगायला ऐकणारा लागतो की नाही?

बापमाणसं म्हणतील, महाराज, आम्हाला वेळ कुठं? खरं आहे. मला दिसत नाही असं नाही. कर्जतहून पहाटेची गाडी पकडायची, मुंबई गाठायची, तिकडे शंभर किलोमीटर, इकडे शंभर किलोमीटर. घरी येईपर्यंत नऊ वाजतात. खोपोलीच्या कारखान्यात पाळी असते, आज दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. बाप घरात येतो तेव्हा पोर झोपलेलं, पोर शाळेत निघतं तेव्हा बाप झोपलेला. अशा घरात शेजारी बसायचं कसं?

तुमच्या गाडीच्याच वाटेवर परळ आहे. तिथल्या एका चाळीतली गोष्ट सांगतो. शंभराहून जास्त वर्षं झाली. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथं राहायचे. घर एका खोलीचं. त्याच खोलीत चूल, तिथंच जातं, तिथंच सरपण, आणि एक शेळीही तिथंच. घरात माणसं इतकी की अभ्यासाला बसायला कोपरा नाही. त्या सुभेदारांनी काय युक्ती केली? पोराला सांगितलं, तू लवकर झोप. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोन वाजले की पोराला उठवायचे, आणि पोर उठलं की त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. घर झोपलेलं, आणि पोर दिव्याशी अभ्यासाला. पुस्तकाला पैसे नसले तर सुभेदार लेकीच्या घरी जायचे, उसने मागायचे. लेकीकडेही नसले तर तिचा दागिना गहाण पडायचा, पण पुस्तक यायचं.

त्या सुभेदारांचं नाव रामजी सकपाळ. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. त्याला आपण भारतरत्न डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखतो. आणि रामजीबाबा कोण होते माहीत आहे? कबीरपंथी. घरात रोज संतांची भजनं, दोहे, अभंग मुलांकडून म्हणवून घ्यायचे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या मुळाशी एका भजनी बापाची जागरणं आहेत. आपण एकादशीला जागरण करतो. रामजीबाबांनी पोराच्या अभ्यासासाठी रोजची रात्र जागवली. ते जागरण देवाला पोचलं नसेल का?

तुम्ही दोन वाजेपर्यंत जागा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की वेळ नसलेल्या माणसानंच वेळ काढलेला आहे. पाळी बदलली तर आठवड्यातले दोन दिवस धरा. रविवारचा एक तास धरा. पण तो धरलेला तास मोडू नका. वारकऱ्याची वारी कशानं मोठी होते? एका वर्षी लांब चालल्यानं नव्हे. दरवर्षी त्याच तिथीला पाऊल पडतं म्हणून.

आणि ज्या घरात आई-बाप दोघंही बाहेर, तिथं थोरल्या भावंडाला शेजारी बसवा. आपल्या संप्रदायात निवृत्तीनाथ थोरले भाऊ, आणि तेच ज्ञानोबारायांचे गुरू. आई-बापाचं छत्र गेलेली ती चार लेकरं एकमेकांच्या आधारानं शिकली. थोरलीनं धाकट्याला शिकवलं तर थोरलीचाही धडा पक्का होतो. फक्त एक सांभाळा. शिकवायचं काम थोरल्या मुलीवर आणि भांडीही तिच्यावरच, पाणीही तिच्यावरच, आणि धाकटा राजा मोकळा, असं करू नका. ती तिच्या उधारीत भर घातल्यासारखी होईल.

आता बायकांच्या मनातलं बोलतो. कितीतरी माऊल्या म्हणतात, आम्ही शाळेची पायरी चढलो नाही. पोरगी इंग्रजी शाळेत. तिच्या वहीतलं आम्हाला काय कळणार?

बाई, तुला वही वाचायची नाही. तुला पोरगी वाचायची आहे. ती आज पाटी घेऊन बसली तेव्हा तोंड का उतरलंय, हे तुला कळतं की नाही? ते मास्तरांना कळत नाही, तुलाच कळतं. तू भाकरी थाप, आणि तिला शेजारी बसवून सांग, आज शाळेत काय झालं ते मला शिकव. मला येत नाही, तू मला शिकव. मग बघ कशी फुलते. दुसऱ्याला समजावताना स्वतःला काय समजलेलं नाही, ते आपोआप सापडतं. मध्येच अडखळली की तू एवढंच म्हण, हे उद्या बाईंना विचार आणि मला येऊन सांग. झाला अभ्यास. तुला अक्षर येत नसलं तरी तू त्या अभ्यासाची आई झालीस.

खानदेशात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसल्या की ओवी सुटायची, शेतात गेल्या की गाणं सुटायचं. ते गाणं वहीत उतरवलं कुणी? त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या एका मुलानं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि त्यानंतर १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपानं आली. आचार्य अत्र्यांनी ती वाचली आणि पुस्तक काढण्याचा ध्यास घेतला. विचार करा. आई निरक्षर, आणि तिचं ऐकून लिहून ठेवणारा मुलगा. ती वही भरली नसती तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता! तुमच्याही घरात आजी आहे. तिला लावणीची गाणी येतात, कुठल्या पाल्यानं खोकला जातो ते येतं, राब कधी भाजायचा ते येतं. पोराला सांगा, सुट्टीत आजीचं एक एक बोलणं वहीत उतरव. शुद्धलेखन होईल, भाषा येईल, आणि म्हातारीला वाटेल, अजून माझी कुणाला गरज आहे. एका गृहपाठात दोघांची उधारी फिटली.

आता जरा कान धरतो. रागावू नका.

शाळेतून प्रकल्प येतो. किल्ला बनवा, घर बनवा, सूर्यमाला बनवा. पोर झोपतं, आणि आई-बाप रात्री बारापर्यंत कात्री घेऊन बसतात. नाहीतर दुकानात जातात आणि तयार विकत आणतात. दुसऱ्या दिवशी शाळेत एकसारखे दहा किल्ले. बाईंनाही कळतं, पोरांनाही कळतं, तुम्हालाही कळतं. पोर त्यातून काय शिकलं? आपल्या हातानं केलेलं चालत नाही, विकतचं चालतं, आणि ते आपलं म्हणून सांगायचं असतं. खोटं बोलायचा पहिला धडा आपणच दिला, तोही पैसे मोजून! त्यापेक्षा पोराचा वाकडा किल्ला जाऊ द्या शाळेत. वाकडा असेल, पण त्याचा असेल.

किल्ल्याचं तर आपल्या मुलखात काय सांगावं! दिवाळीत महाराष्ट्रातली पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात. आपल्या पोरांना किल्ला चित्रात बघायची गरजच नाही. कर्जत तालुक्यात कोथळीगड आहे, ज्याच्या सुळक्याच्या पोटातून पायऱ्या कोरून वर नेल्या आहेत. खालापूरच्या अंगाला इर्शाळगड आहे. आणि आपल्याच खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवछत्रपतींनी तिथं कारतलबखानाची फौज खिंडीत गाठली. पुढून वाट बंद, मागून वाट बंद. शेवटी रायबागनच्या सांगण्यावरून खान शरण आला. हे पोरगं पुस्तकात वाचतं, पाठ करतं, परीक्षेत लिहितं. खिंड घरापासून तासाभरावर असून त्याला ती कुणी दाखवलेली नसते. एक दिवस घेऊन जा. तिथं उभं करा आणि विचारा, तू राजांच्या जागी असतास तर माणसं कुठं उभी केली असतीस? तो जे उत्तर देईल, त्याला म्हणतात कल्पकता. ती शिकवणीत विकत मिळत नाही.

विज्ञान शिकवायचंय? कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या भाताच्या जातींना आपल्या गावाचं नाव आहे, कर्जत-३, कर्जत-७. तुमच्या बांधावर कुठलं भात आहे ते पोराला विचारा. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधायला लावा. किती रुजले, कितव्या दिवशी रुजले, लिहायला लावा. गणित त्यात आहे, विज्ञान त्यात आहे, आणि अन्नाची किंमतही त्यात आहे. गणपतीच्या आधी पेणेकडे माती लागते, हात रंगतात. तुमच्या पोरानं मातीचा उंदीर केला आणि तो मांजरासारखा दिसला तर हसू नका. त्याला विचारा, शेपूट कशी बसवलीस रे? प्रश्न विचारला की हात पुढे चालतो. हसलं की हात मागे जातो.

आणि दुसऱ्याच्या पोराशी तुलना नको. त्याला नव्वद, तुला साठ का? अहो, आपण वारकरी. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. पाया पडताना कुणी विचारतं का, तुमच्या किती वाऱ्या झाल्या? मग घरात पोराला रोज मोजायचं कशाला?

इथं नामदेवरायांची एक कथा घेतो. बाल नामदेव. बाप दामाशेटी परगावी गेले आणि जाताना पोराला सांगून गेले, देवाला नैवेद्य तू दाखव. पोर ताट घेऊन राऊळात गेलं. म्हणालं, देवा, जेव. देव जेवेना. मोठ्या माणसाला माहीत असतं की देव जेवत नाही, ताट फिरवून घरी आणायचं. पोराला ते माहीत नव्हतं. त्यानं हट्ट धरला, डोकं आपटायला निघालं. आणि कथा सांगते, देव जेवला. रिकामं ताट घेऊन पोर घरी आलं. माऊली गोणाईला खरं वाटेना. पुढं दामाशेटी परतले. त्यांच्या कानावर आलं की पोर म्हणतं देव जेवला. आता इथं लक्ष द्या. त्या बापापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे कान पिरगाळायचा, खोटं बोलतोस, नैवेद्य तूच खाल्लास. दुसरी म्हणजे बरोबर जायचं. दामाशेटी बरोबर गेले. पोराच्या शेजारी उभे राहिले. आणि मग जे पोराला दिसलं होतं ते बापालाही दिसलं.

मंडळी, या कथेत देव जेवला हा चमत्कार आपण सगळे सांगतो. मला बाप बरोबर गेला हाही चमत्कारच वाटतो. पोर म्हणालं, शाळेत मला मारलं, मला गणितात भीती वाटते, मला चित्रकार व्हायचंय, तर खोटं म्हणून उडवू नका. बरोबर जा. शाळेत जा. बाईंना भेटा. आवाज चढवून नको, समजून घ्यायला जा.

शाळेत जायचा तुम्हाला हक्क आहे, हे माहीत आहे ना? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. समितीच्या सभेची सूचना आली की आपण काय करतो? सही करून मोकळे. देवळाच्या समितीत बसायला भांडणं होतात, शाळेच्या समितीत बसायला माणूस मिळत नाही. शाळेचा नळ, शाळेचं छप्पर, वाचनाची पुस्तकं, हे सगळं तिथं बोलता येतं. तेही पोराच्या शेजारी बसणंच आहे.

आता मोबाईल. सगळ्यांनी हात खिशाला लावला बघा!

आम्ही पोराला म्हणतो, मोबाईल ठेव, अभ्यास कर. आणि आम्ही काय करतो? त्याच्या शेजारी बसून मोबाईल बघतो. पोर काय शिकेल? पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगू! आई-बापाची सेवा चालू होती, दारात प्रत्यक्ष परमात्मा आला. पुंडलिकानं काय केलं? सेवा सोडून धावला नाही. एक वीट भिरकावली आणि म्हणाला, देवा, जरा यावर थांब. आणि देव थांबला. अजून थांबलाय. अहो, पुंडलिकानं देवाला थांबवलं, आणि आपल्याला फोन थांबवता येत नाही? संध्याकाळी एक तास फोनला वीट द्या. घरातल्या सगळ्यांचे फोन एका फळीवर. त्याला सांगा, इथं उभा राहा, माझी सेवा चालू आहे. पुंडलिकाची सेवा आई-बापाची होती. आपली पोराची. देवाला दोन्ही चालतात.

विटेचं नाव निघालं म्हणून शेवटचं बोलतो, आणि हे जरा मनावर घ्या.

पांडुरंग विटेवर उभा आहे. विटा कोण थापतं? आपल्या कर्जत-खालापुरात विचारायला नको. दिवाळी झाली की आपल्या वाड्यांतले कातकरी बांधव बिऱ्हाड पाठीला लावून वीटभट्टीवर जातात. पाऊस तोंडावर आला की परत येतात. आधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब राबतं. उचल म्हणजे शेवटी उधारीच. आई-बापानं घेतलेली, आणि तिचं व्याज कोण भरतं? पोरगं. त्याची शाळा सुटते. चौथीतलं पोर सहा महिन्यांनी येतं तेव्हा अक्षर विसरलेलं असतं. आपलं घर पक्कं झालं, देऊळ पक्कं झालं, आणि त्या विटा थापणाऱ्या पोराची पाटी कोरी राहिली. माझ्या पोराच्या शेजारी मी बसेन, पण त्याच्या शेजारी कोण बसणार?

ते होऊ शकतं, कारण ते झालेलं आहे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच शाळा काढल्या. भोंगा शाळा. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. पोर शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा झोपडीपर्यंत गेली. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की पोर कुठंही गेलं तरी तिथल्या शाळेत त्याला दाखल करून घेतलंच पाहिजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तुमच्या गावाच्या शिवारात भट्टी लागली तर जाऊन बघा, किती पोरं आहेत. मास्तरांच्या कानावर घाला. एवढं केलंत तरी वारी घडली समजा.

आपल्या मातीत हे नवीन नाही. माथेरानला १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले. मनात आणलं असतं तर मुंबईत पैसा कमावून बसले असते. ते या खेड्यापाड्यांत परत आले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, अडल्या शेतकऱ्यासाठी धान्याची कोठी उभी केली. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांच्या बरोबर ते हुतात्मा झाले, तेव्हा वय अवघं तीस. ज्यांची पोरं त्या शाळांत बसली, ती काही त्यांची पोरं नव्हती. तरी त्यांनी ती उधारी आपली मानली.

आणि १९ जुलै २०२३ ची रात्र आपण कुणीच विसरलेलो नाही. इर्शाळवाडीवर डोंगर आला. काही लेकरं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून राहिली. सकाळी त्यांना कळलं की घर नाही, आणि कुणाकुणाला तर आई-बापही नाहीत. ती लेकरं आता वाढताहेत, वह्या उघडून बसताहेत. आई, हे बघ, असं ती कुणाला म्हणणार? मंडळी, त्यांची उधारी आपल्या सगळ्यांच्या नावावर आहे. आश्रमशाळेला सणाला मिठाई न्यायची तर जरूर न्या. पण तासभर बसा. एखाद्याची वही बघा. त्याला म्हणा, मला शिकव.

आता सेवेला विराम देतो. माळ घालताना आपण नियम घेतो. आज एक नियम घेऊन जा. पाच बोटांवर मावेल असा सांगतो. रोज दिवा लागला की अर्धा तास पोराच्या शेजारी, फोन विटेवर. टाळ त्याच्या हातात, त्याचं काम त्याला करू द्यायचं. रोज एक प्रश्न, आज मला काय शिकवतोस? महिन्यातून एकदा शाळेत जायचं. आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्याच्या, ज्याला कुणी नाही त्या लेकराच्या शेजारी बसायचं.

थोड्या दिवसांनी कोकणातल्या दिंड्या खोपोलीवरून बोरघाट चढून आळंदीला जातील. तुम्ही चालाल, पोरांना न्याल. घाटात पोर दमेल, म्हणेल, बाबा, अजून किती? तेव्हा त्याला खांद्यावर घेण्याआधी बोट द्या. बोटाला धरून ते चढतं. वर पोचल्यावर त्याचं तोंड बघा. मी चढलो, असं म्हणेल. ते म्हणणं ऐकलंत की समजा, उधारीतला एक रुपया फिटला. बाकीची रोज थोडी थोडी फेडू या. विठोबाला पुन्हा बोंब मारायला लावू नका.

रामकृष्ण हरी!